चायनीज 'रॉक शुगर' आणि मोडनिंबच्या दुकानातली खडीसाखर: फरक नेमका किती?

इन्स्टाग्राम उघडलं की दर दहा रील्समागे एक थांगहुलूची येतेच. काडीला टोचलेल्या स्ट्रॉबेरी, त्यावर काचेसारखा साखरेचा थर आणि चावल्यावर येणारा 'कड्' आवाज. चीनमध्ये हा प्रकार जुना आहे. मूळचा पदार्थ स्ट्रॉबेरीचा नाही, बोरासारख्या दिसणाऱ्या शानचा नावाच्या आंबट लाल फळाचा. पण रील बघणाऱ्यांचा प्रश्न वेगळाच असतो. कॉमेंटमध्ये विचारलं जातं, "ही चायनीज रॉक शुगर कुठं मिळेल?" मग कुणीतरी लिंक टाकतं आणि सुबक पाकिटातली ती साखर महागात घरी येते.

सोलापूर जिल्ह्यातल्या मोडनिंबमध्ये हीच वस्तू किराणा दुकानात बरणीत भरलेली असते. नाव खडीसाखर.

मोडनिंब हे माढा तालुक्यातलं गाव. पुणे-सोलापूर महामार्गावर टेंभुर्णी सोडून मोहोळकडे निघालं की लागतं. कुर्डुवाडीहून पंढरपूरला जाणारी रेल्वेही इथूनच जाते. वारीच्या वाटेवरचा भाग आणि चहूबाजूंनी ऊस, त्यामुळे गोडाचे जितके प्रकार इथल्या बाजारात सहज दिसतात तितके मोठ्या शहरातल्या मॉलमध्येही एकत्र दिसणार नाहीत. गूळ, काकवी, गुळाची पावडर, साखर, पिठीसाखर, खडीसाखर, बत्तासे, साखरफुटाणे, पाडव्याच्या आधी साखरगाठी आणि संक्रांतीच्या आधी काटेरी हलवा. चीनमधल्या पारंपरिक साखरांची यादी या यादीशेजारी ठेवली, तर जवळपास प्रत्येक नावाला इथं जोडीदार सापडतो.

चीनमध्ये काय काय मिळतं?

चिनी भाषेत साखरेला 'थांग' म्हणतात. होंगथांग म्हणजे लाल साखर. उसाचा रस आटवून, त्यातली मळी न काढता केलेली. हा सरळसरळ गूळच. दक्षिण चीनमध्ये तो चपट्या पट्ट्यांच्या रूपात मिळतो, त्याला प्येनथांग म्हणतात. आपल्याकडे ढेप असते, तिकडे पट्टी, एवढाच काय तो फरक. पायथांग म्हणजे पांढरी साखर. आणि बिंगथांग म्हणजे 'बर्फ साखर', रील्समधली ती रॉक शुगर. बाराव्या शतकात वांग झुओ या लेखकानं सिच्वान प्रांतातल्या स्वेईनिंग इथल्या या स्फटिक साखरेवर एक अख्खा ग्रंथ लिहिला होता. तिला तेव्हा 'साखरेचं दहिवर' अशा अर्थाचं नाव होतं.

वापरही ओळखीचे वाटतील. तिकडे बाळंतिणीला आणि पाळीच्या दिवसांत आलं घातलेलं होंगथांगचं गरम पाणी देतात. इकडे बाळंतिणीला गुळातले डिंकाचे आणि आळिवाचे लाडू. तिकडे खोकल्यावर बिंगथांग घालून शिजवलेलं नाशपती, इकडे ज्येष्ठमध आणि खडीसाखर.

हे साम्य योगायोगानं आलेलं नाही.

आधी इकडून तिकडे, मग तिकडून इकडे

इ.स. ६४७ मध्ये थांग राजघराण्याचा सम्राट थायझोंग यानं मगधात माणसं पाठवली. उद्देश एकच, भारतात साखर कशी करतात ते शिकून येणं. याची नोंद चिनी दरबारी इतिहासात आहे. त्याआधी चीनमध्ये ऊस होता, रस होता, पण दाणेदार साखरेचं तंत्र भारतात पुढे गेलेलं होतं.

किती पुढे, ते जुन्या संस्कृत ग्रंथांत दिसतं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आणि सुश्रुत संहितेत उसापासून होणाऱ्या पदार्थांची यादी येते: फाणित, गुड, मत्स्यण्डिका, खण्ड, शर्करा. फाणित म्हणजे घट्ट पाक, आजची काकवी. गुड म्हणजे गूळ. मत्स्यण्डिका म्हणजे माशाच्या अंड्यांसारखी बारीक कणी धरलेली साखर. खण्ड म्हणजे खडे. आणि शर्करा या शब्दाचा मूळ अर्थ वाळू, बारीक खडी. 'साखर' हा मराठी शब्द या शर्करेवरून आला. 'खण्ड' फारसीत गेला, त्याचा 'कंद' झाला आणि पुढे इंग्रजीत 'कँडी'. म्हणजे मॉलमधली कँडी ही आपल्या खांडेचीच लांबची नात.

मग हिंदीत साखरेला 'चीनी' का म्हणतात? सर्वसाधारणपणे मानलं जातं ते असं, की अधिक पांढरी, अधिक स्वच्छ साखर पुढच्या काळात चीनकडून आली किंवा चिनी पद्धतीनं बनली, म्हणून ती चीनची. जशी चिनीमाती. कोलकात्याजवळच्या बजबजपाशी १७८० च्या सुमारास तोंग आच्यू नावाच्या चिनी व्यापाऱ्यानं वॉरन हेस्टिंग्जकडून जमीन घेऊन साखरेचा कारखाना काढला होता. त्याच्या नावावरून तिथल्या गावाला आजही अछिपूर म्हणतात. 'मिश्री' या शब्दाचा पत्ता तर आणखी लांबचा. मिस्र म्हणजे इजिप्त, तिथली ती मिश्री. मराठीनं मात्र चीनी घेतली नाही, साखरच ठेवली. (दालचिनीत तेवढा चीन शिरला. फारसीत दार म्हणजे लाकूड, चिनी लाकूड ते दालचिनी.)

सगळा खेळ मळीचा

उसाच्या रसात पाणी, सुक्रोज म्हणजे शुद्ध साखर, थोडं ग्लुकोज-फ्रुक्टोज आणि थोडे क्षार, रंगद्रव्यं वगैरे असतात. रस आटवला की पाणी जातं. उरलेल्यातून मळी, म्हणजे गडद चिकट पाक किती वेगळा काढायचा, यावर पुढचं सगळं नाव-गाव ठरतं. काहीच काढली नाही तर गूळ किंवा होंगथांग. थोडी काढली तर खांडसरी. जवळपास सगळी काढली तर पांढरी साखर.

आता ही मळी यंत्राशिवाय काढायची कशी? आज कारखान्यात ते काम सेंट्रिफ्यूज करतं, कपडे पिळणाऱ्या वॉशिंग मशिनच्या ड्रमसारखं गरागरा फिरून. पूर्वी उत्तर भारतात आटवलेला रस मडक्यांत बरेच दिवस ठेवून दाणे धरू देत. मग ती राब पोत्यात भरून दाबत किंवा टोपलीत घालून वर ओलं पाणशेवाळ पसरत. शेवाळातलं पाणी थेंब थेंब खाली झिरपायचं आणि जाता जाता दाण्यांवरची मळी धुऊन न्यायचं. वरचा थर पांढरा व्हायचा, तो खरवडून घ्यायचा आणि पुन्हा शेवाळ घालायचं.

चीनमध्ये याच कामाला मातीचं पाणी वापरत. १६३७ साली सोंग यिंगशिंगनं लिहिलेल्या उद्योगांवरच्या ग्रंथात त्याचं वर्णन आहे. खाली भोक असलेल्या मातीच्या नरसाळ्यात काळी साखर भरायची, भोकाला गवताचा बोळा आणि वरून पिवळ्या मातीचं पाणी. काळी मळी खाली गळते, वर पांढरी साखर राहते. इकडे शेवाळ, तिकडे चिखल, पण काम तेच: पाणी हळू सोडायचं, म्हणजे मळी जाते आणि साखर विरघळत नाही.

गुऱ्हाळावर काय घडतं?

कारखाना येण्याआधी ऊस म्हणजे गुऱ्हाळ हेच समीकरण होतं. आजही कोल्हापूर, कराड पट्ट्यात ते टिकून आहे. सोलापूर जिल्ह्यात मात्र पारडं कारखान्यांकडे झुकलेलं आहे. याचं कारण पाण्यात आहे. माढा हा मूळचा कमी पावसाचा, ज्वारीचा मुलूख. भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं, जवळपास ११७ टीएमसी साठवणीचं. कालवे, बोगदा आणि सीना-माढा उपसा योजनेनं पाणी शिवारात आलं आणि पाठोपाठ ऊस. जिल्ह्यात खासगी कारखाने त्याआधीपासून होते. माळीनगरचा सासवड माळी शुगर आणि श्रीपूरचा बृहन्महाराष्ट्र हे दोन्ही १९३० च्या दशकातले. आता सोलापूर हा राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत मोडतो. माढा तालुक्यात पिंपळनेरला विठ्ठलराव शिंदे सहकारी साखर कारखाना आहे. ऊस तोडला की तो बहुतेक गव्हाणीतच जातो.

तरी गूळ कसा होतो ते समजून घेणं गरजेचं आहे, कारण पुढची सगळी गोंधळाची जागा तिथंच आहे.

चरकातून निघालेला रस मोठ्या पसरट काहिलीत जातो. खाली उसाचीच वाळलेली चिपाडं जळत असतात. रस तापू लागला की त्यात चुन्याची निवळी आणि रानभेंडीच्या खोडाचा बुळबुळीत रस टाकतात. भेंडीचा चिकटपणा रसातला गाळ धरून वर आणतो आणि तो फेसासारखा काढून टाकतात. मग नुसतं आटवणं. पाक साधारण १०५ अंश सेल्सियसला आला की ती काकवी. हवी तर तिथंच काढून घ्यायची. ११८ अंशांच्या आसपास गूळ. या दोन टप्प्यांत फार वेळ जात नाही आणि जरा उशीर झाला तर गूळ करपतो. थर्मामीटर हल्ली मिळतो, पण अनुभवी गुळव्या थोडा पाक गार पाण्यात टाकतो, बोटांत घेऊन गोळी वळते का बघतो आणि काहील उतरवायला सांगतो. एक टन उसातून साधारण १०० ते १२० किलो गूळ निघतो.

मग वाफ्यात ओतून घोटायचं. घोटल्यामुळे साखरेचे अतिबारीक कण एकाच वेळी तयार होतात आणि मळी त्यांच्यात अडकून राहते, म्हणून गूळ घट्ट पण मऊसर असतो. खडीसाखरेत नेमकं उलट. पाक अजिबात हलवायचा नाही, दोरे सोडून बरेच दिवस शांत ठेवायचा. कणांना वाढायला सवड मिळाली की मोठे स्फटिक होतात आणि स्फटिक स्वतःत मळीला थारा देत नाही. म्हणूनच खडीसाखर ही जवळजवळ शुद्ध सुक्रोज असते. अन्न मानकांनुसार मिश्रीत किमान ९८ टक्के सुक्रोज लागतं. दोऱ्याची मिश्री आणि जुन्या पद्धतीची चिनी बिंगथांग यांत रासायनिक फरक शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही.

थांगहुलूसाठीही खडीसाखरच हवी असं काही नाही. साध्या साखरेचा पाक १५० अंशांच्या आसपास गेला की तो गार होताना काचेसारखा कडक होतो. साखर कुठल्या देशाची आहे हे पाकाला कळत नाही.

पंढरपूरच्या प्रसादातली साखर

बत्तासा हा तर गमतीचा प्रकार. घट्ट पाकात चिमूटभर सोडा घालतात, त्यानं आत हवेचे बुडबुडे होतात आणि तो पसरून थेंब थेंब सोडला की फुगून वाळतो. आत पोकळ, बाहेर कडक. पंढरपूरहून येणारा माणूस चुरमुरे, बत्तासे, साखरफुटाणे आणल्याशिवाय गावात पाय ठेवत नाही. साखरगाठी साच्यात दोरा घालून पाक ओतून करतात आणि पाडव्याला गुढीला बांधतात. काटेरी हलव्याला चिकाटी लागते. मंद आचेवर तीळ किंवा खसखस हलवत राहायचं आणि पातळ पाक थोडा थोडा सोडायचा, तेव्हा कुठं काटा येतो.

या सगळ्यांत वस्तू एकच, पांढरी साखर. बदलतो तो फक्त आकार. पण मान वेगळा. पाहुण्याला उन्हातून आल्यावर गूळ-पाणी, लग्न ठरलं की साखरपुडा. साखर महाग आणि दुर्मीळ होती तेव्हाचा हा हिशोब भाषेत राहून गेला आहे.

मग आरोग्याचं काय?

व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या मजकुरात तीन दावे हमखास असतात.

पहिला, डायबेटिस असेल तर साखरेऐवजी गूळ किंवा खडीसाखर चालते. चालत नाही. १०० ग्रॅम साखरेतून साधारण ४०० किलोकॅलरी मिळतात, गुळातून ३८० च्या आसपास. रक्तातली साखर दोन्हींनी वाढते. खडीसाखर तर साखरच, फक्त मोठ्या दाण्याची. महागडी चायनीज रॉक शुगरही याच माळेतली. घरातल्या आजोबांचा चहा 'बिनसाखरेचा' म्हणून गुळाचा होत असेल, तर त्यांचे रिपोर्ट का सुधारत नाहीत याचं उत्तर कपातच असू शकतं.

दुसरा, गुळानं रक्त वाढतं. गुळात लोह असतं हे खरं. पण प्रमाण बघा. १० ग्रॅमच्या खड्यातून जेमतेम मिलिग्रॅमभर, अनेकदा त्याहून कमी लोह मिळतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं. तेवढं गुळातून मिळवायचं तर पाव किलोहून जास्त गूळ खावा लागेल. हिमोग्लोबिन कमी असलेल्या मुलीला गोळ्या बंद करून गूळ-शेंगदाणे देणं म्हणूनच धोक्याचं. शेंगदाणे-गूळ द्यावेत, पण गोळ्यांसोबत.

तिसरा, साखर पांढरी करायला हाडांचा कोळसा वापरतात. भारतात बहुतेक कारखाने रस चुना आणि गंधकाच्या धुरानं, म्हणजे सल्फर डायऑक्साइडनं स्वच्छ करतात. हाडांचा कोळसा ही काही परदेशी रिफायनऱ्यांची जुनी पद्धत आहे.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये सांगितलेली मर्यादा अशी: वरून घातलेली साखर एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली, शक्यतो ५ टक्क्यांखाली. म्हणजे दिवसाला साधारण २५ ग्रॅम, अंदाजे सहा छोटे चमचे. यात काकवी आणि गूळही मोजायचे असतात. आणि मधसुद्धा.

एक गोष्ट मात्र वारीच्या वाटेवर उपयोगी पडणारी. डायबेटिसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या माणसाची साखर उपासात अचानक उतरते. घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणं असंबद्ध होतं. अशा वेळी खिशातली खडीसाखर चघळायला देतात. ती विरघळायला वेळ लावते. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली तर लवकर लागू पडते. १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं आणि फरक नसेल तर तेवढंच पुन्हा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना.

गूळ घेताना फसगत कुठं होते?

दुकानात पिवळाधमक गूळ आधी संपतो. हीच अडचण. गूळ पिवळा दिसावा म्हणून काही गुऱ्हाळांवर रसात हायड्रोस पावडर, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट टाकतात. रंग उजळतो, पण टिकत नाही, साठवणीत तो पुन्हा काळपट होतो. अर्थात प्रत्येक पिवळा गूळ रसायनाचाच असतो असंही नाही. जमीन, पाणी आणि उसाची जात यांवरही रंग ठरतो. कोल्हापूरच्या नदीकाठच्या जमिनीतला गूळ म्हणूनच नावाजला गेला. त्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. खाऱ्या जमिनीतल्या उसाचा गूळ किंचित खारट लागतो आणि पावसाळ्यात लवकर पाझरतो.

दुसरी भेसळ साखरेचीच. ऐकायला विचित्र वाटतं. ज्या साखरेला टाळून लोक गुळाकडे वळले, तीच गुळात. कारण साधं आहे. चांगला गूळ साखरेपेक्षा महाग विकला जातो. साखरेची कारखान्यातली किमान विक्री किंमत केंद्र सरकारनं फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरवली होती. ऊस मात्र महाग होत गेला. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये एफआरपी जाहीर झाली. अशा वेळी काहिलीत साखरेची पोती रिकामी केली की गुऱ्हाळवाल्याचं गणित सुटतं. अशा गुळाची ढेप कडक, कणीदार आणि एकसारख्या रंगाची दिसते.

घरी काय तपासता येईल? खडूची भेसळ कळते. १० ग्रॅम गूळ ग्लासभर पाण्यात विरघळवा, तळाला पांढरा साका बसला तर शंका घ्या. साखर मिसळलेली मात्र घरी पकडता येत नाही, त्यासाठी प्रयोगशाळा लागते. त्यामुळे यूट्यूबवरचे 'दोन मिनिटांत अस्सल गूळ ओळखा' हे व्हिडिओ फार मनावर घेऊ नयेत. ओळखीच्या गुऱ्हाळावरून, हंगामात म्हणजे नोव्हेंबर ते मार्चच्या दरम्यान, समोर ओतलेली ढेप घेणं हा त्यातल्या त्यात खात्रीचा मार्ग.

'देशी खांड' किंवा 'खांडसरी' नावाची पाकिटंही आता दिसू लागली आहेत. मळी थोडी राहिल्यानं ती पिवळट असते आणि चवीला छान लागते. ब्राऊन शुगरचं मात्र लेबल वाचा. पुष्कळदा ती पांढऱ्या साखरेवर मळीचा हात फिरवूनच केलेली असते. खांडसरीच्या मोठ्या उद्योगांकडे सरकारचंही लक्ष गेलं आहे. मे २०२५ मध्ये आलेल्या नव्या साखर नियंत्रण आदेशानं दिवसाला ५०० टनांहून अधिक ऊस गाळणारे खांडसरी कारखाने नियमांच्या कक्षेत आले आणि ऊस उत्पादकाला एफआरपी देणं त्यांनाही बंधनकारक झालं.